मागून आलेलं पाणी

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा आजची गावं नव्हती, आजचे रस्ते नव्हते. पण आईबाप होते, लेकरं होती, आणि चार दिवस बाहेरगावी गेल्यावर लेकरू कुणाच्या हाती सोपवायचं ही काळजी तेव्हाही अशीच होती. म्हणून लहानांनी ही गोष्ट ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

डोंगरांच्या पलीकडे, उघड्या माळावर एक गाव होतं. माती काळी, पाऊस बेताचा. पाणी म्हणजे काय, तर गावाबाहेरचं एक तळं आणि घरोघरच्या विहिरी. त्या गावात सारजा नावाची एक म्हातारी एकटी राहायची. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, पण तिचं अंगण कधी रिकामं नसे. बाया शेतावर निघाल्या की आपापली पोरं सारजाआजीकडे सोडून जात आणि दिवेलागणीला येऊन घेऊन जात. कुणाचं पोर दुधाशिवाय झोपत नाही, कुणाला सावलीची भीती वाटते, कुणाला हरभरा सोसत नाही, सगळं तिच्या ध्यानात असे. गावात तिला मान होता तो एवढ्यासाठीच. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

त्याच गावात तुळाजी तांबट राहायचा. त्यानं राजाच्या देवळासाठी एक मोठा तांब्याचा हंडा घडवला. हंडा राजाला इतका आवडला की राजा म्हणाला, "तुळाजी, तू वर्षभर हातोड्यावरून मान वर केली नाहीस. आता बायकोमुलांना घेऊन समुद्रावरच्या माझ्या घरी आठ दिवस विश्रांतीला जा."

तुळाजीला आनंद झाला. त्याची बायको अनसूया मात्र विचारात पडली. तिची पहिली दोन लेकरं तान्ही असतानाच गेली होती. आता सात वर्षांची शेवंती आणि तीन वर्षांचा केरू, एवढीच दोन. त्यांना डोळ्यांआड करायचं म्हटलं तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. पण समुद्रात एक बेट होतं, बेटावर देवीचं ठाणं होतं, आणि लाटा फार म्हणून तिकडच्या होडीत लहान मुलांना घेत नसत. देवीला जायचं तर मुलांपाशी कुणीतरी हवं होतं.

"तिथंच कुणी बाई बघू," तुळाजी म्हणाला.

"अनोळखी बाईच्या हाती? मुळीच नाही," अनसूया म्हणाली. "न्यायची तर आपल्या गावातली, पारखून घेतलेली."

आणि तिनं खरोखरच पारख केली. एकीच्या घरी गेली, तर ती बाई गप्पांच्या नादात चुलीवरचं दूध विसरली. दुसरीकडची पोरं भिंतीला पाठ लावून इतकी गप्प बसली होती की अनसूयेला त्या शांततेचीच भीती वाटली. मग एका दुपारी, न सांगता, ती सारजाच्या अंगणात गेली.

सात पोरं घरात घोंगडीवर झोपली होती. विहिरीवर फळी होती, फळीवर दगड होता. आणि सारजा उंबऱ्याला आडवी पाय पसरून बसली होती. तिला ओलांडल्याशिवाय एकही पोर बाहेर जाऊ शकलं नसतं.

"काकू, तुमच्याकडे कधी कुणाला काही झालं नाही?" अनसूयेनं हळूच विचारलं.

"झालं तर," सारजा म्हणाली. "चार वर्षांमागं कुंभाराच्या पोराला विंचू चावला. लाकडाच्या ढिगाजवळ मी त्याला खेळू दिलं, चूक माझीच. तेव्हापासून अंगणात लाकडं ठेवत नाही."

अनसूयेला ते उत्तर फार आवडलं. जी बाई न लपवता आपली चूक सांगते, तिच्यावर विसंबायला हरकत नाही, असं तिला वाटलं. तिला वाटलं ते बरोबरच होतं. तिनं सारजाला सोबत येण्याची गळ घातली. सारजानं पुष्कळ आढेवेढे घेतले, आणि मग रात्रभर आनंदानं तिला झोप आली नाही. गावाबाहेर कुणी आपल्याला नेईल, तेही इतक्या मानानं, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

बैलगाडीनं पाच दिवस चालून ती मंडळी घाट उतरली. शेवटच्या वळणावर समोर समुद्र दिसला. मुलं ओरडत गाडीतून उतरली. तुळाजी हसला. सारजा मात्र गाडीतच बसून राहिली. एवढं पाणी! आणि ते जागेवर राहत नव्हतं. सारखं पुढं येत होतं, मागं जात होतं. तळं असं करत नाही, विहीर असं करत नाही.

"काकू, कसं वाटतंय?" अनसूयेनं विचारलं.

"छान आहे की," सारजा म्हणाली.

राजाच्या घराशेजारी हिरू नावाची एक कोळीण राहायची. मध्यम वयाची, काळीसावळी, आवाज मोठा. तीच त्या घराची झाडलोट बघायची. संध्याकाळी ती पदराला हात पुसत आली आणि पायरीवर बसून एकामागून एक विचारू लागली. पोरांना पोहता येतं का? धाकटा सांगितलेलं ऐकतो का, की पळत सुटतो? तुम्ही होडीनं जाल तेव्हा इथं कोण थांबणार? तिनं याआधी समुद्र बघितलाय का?

अनसूयेला ते प्रश्न जरा आगाऊ वाटले. तरी तिनं उत्तरं दिली. "मुलांजवळ या सारजाकाकू आहेत. आमच्या गावची अर्धी पोरं यांच्याच हाताखाली वाढलीत."

हिरूनं सारजाकडे पाहिलं. "ते खरं असंल, बाय. पण इथलं पाणी निराळं. भरती कधी, ओहोटी कधी, वाळू कुठं खचते, ते दोन दिवस चालून बघितल्याबिगर कळत न्हाय. पैले दोन दिवस मी येते संगती. मला काय काम हाय नायतरी?"

अनसूयेनं सारजाकडे वळून विचारलं, "काकू, लागेल का यांची सोबत?"

आता सगळे सारजाकडे बघत होते. तुळाजी, अनसूया, मुलं, आणि ती परकी बाई.

सारजाच्या मनात काय आलं, ते नीट ऐका. तिला खरोखर सोबत हवी होती. घाटातून समुद्र दिसल्यापासून ती घाबरलेली होती. पण तिला वाटलं, आपण हो म्हणालो तर ही माणसं म्हणतील, मग या म्हातारीला पाच दिवसांच्या वाटेवरून आणलं कशाला? पोरं त्या हिरूच्या मागं जातील. आणि आपण या परक्या घरात एका कोपऱ्यात बसून राहू.

"नको गं," ती म्हणाली. "पोरं सांभाळण्यात माझा जन्म गेला. पाण्यापासून पोर कसं राखायचं, ते मला ठाऊक आहे."

"पर बाय, त्या वाळूच्या दांड्याचं तेवढं..." हिरू काही सांगणार होती.

"ठाऊक आहे म्हटलं ना," सारजा जरा तोडूनच बोलली.

हिरूनं अनसूयेकडे पाहिलं. अनसूयेनं नजर वळवली. आपल्या माणसाचा परक्यासमोर अपमान नको, असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, सगळं ठरल्याप्रमाणे होणार याचं तिला बरंही वाटलं. हिरू उठली आणि आपल्या घरी गेली.

पहिले तीन दिवस चांगले गेले. आईबाप जवळच होते. सारजा मुलांना घरामागच्या माडांच्या सावलीत खेळवायची आणि समुद्राकडे फारसं बघायची नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तुळाजी आणि अनसूया होडीत बसून बेटाकडे निघाले. "दिवस मावळायच्या आत येतो," अनसूया म्हणाली. तिनं केरूचा पापा घेतला. शेवंतीच्या वेणीचा सुटलेला पेड पुन्हा घातला. मग ती होडीत चढली.

दुपारी मुलं कंटाळून घरापुढं आली. आणि तेव्हा त्यांनी पाहिलं, तर समुद्र गेला होता! जिथं सकाळी लाटा फुटत होत्या तिथं ओली, सपाट वाळू पसरली होती. खूप पुढं वाळूचा एक उंच दांडा उघडा पडला होता, आणि त्यावर पांढरे शिंपले चमकत होते.

"आजी, चल ना! पाणी तर संपलंय," शेवंती म्हणाली.

सारजानं बघितलं. तिला ते ओळखीचं वाटलं. उन्हाळ्यात गावचं तळं असंच आटायचं, मधली माती अशीच उघडी पडायची, आणि मग पावसाळ्यापर्यंत पाणी काही परत येत नसे. पाणी नाही म्हणजे भीती नाही. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिचा जीव हलका झाला.

तरी तिनं काळजी घेतलीच, जशी तिला येत होती तशी. केरूच्या कमरेला लुगड्याची पट्टी बांधली आणि तिचं दुसरं टोक आपल्या कमरेला. शेवंतीला म्हणाली, "माझ्या हाकेच्या टप्प्याबाहेर जायचं नाही." मधला खोलगट भाग ओलांडून ती दांड्यावर चढली. तिथं घोट्याएवढंही पाणी नव्हतं. सगळ्यात उंच, कोरडी जागा बघून ती समुद्राकडे तोंड करून बसली, म्हणजे पाणी आलंच तर आधी आपल्याला दिसेल.

पोरं शिंपले वेचू लागली. वारा गार होता. सारजा डोळ्यांत तेल घालून समोर बघत होती. लाटा लांब होत्या. होत्या तिथंच होत्या.

बऱ्याच वेळानं शेवंती म्हणाली, "आजी, मागं पाणी आलंय."

सारजानं मान वळवली. मघाच्या खोलगट भागात पाण्याची एक चकचकीत रेघ दिसत होती.

"डबकं आहे ते, बाळ," ती म्हणाली आणि पुन्हा समोर बघू लागली.

शेवंती पुन्हा शिंपले वेचू लागली. ती समजूतदार पोर होती, मोठ्यांचं ऐकणारी. मग ती पुन्हा म्हणाली, "आजी, ते हलतंय."

या वेळी सारजा उठून उभी राहिली. डबकं राहिलं नव्हतं. किनारा आणि दांडा यांच्यामधून एक रुंद प्रवाह सरसर वाहत होता, आणि बघता बघता फुगत होता. समोर समुद्र अजून लांबच दिसत होता. पाणी दांड्याला वळसा घालून मागून आलं होतं.

सारजा पळाली नाही, ओरडत बसली नाही. तिनं पट्टी सोडली, केरूला खांद्यावर घेतलं, एका हातानं त्याचे पाय आवळले आणि दुसऱ्या हातानं शेवंतीचं मनगट धरलं. "घट्ट धर गं मला," एवढंच बोलली आणि पाण्यात शिरली.

आधी गुडघा. मग कंबर. पाण्याला ओढ होती. विहिरीच्या आणि तळ्याच्या पाण्याला ती कधीच नसते. शेवंती तरंगू लागली. सारजा एकेक पाऊल टाकत होती आणि पायाखालची वाळू सरकत होती. किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या हिरूनं त्यांना पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं हाक दिली. दोन कोळी छोटी होडी ढकलत धावले.

मधोमध आल्यावर सारजाचा पाय खळग्यात गेला. ती डोक्यापर्यंत बुडाली. क्षणभरच. वर आली तेव्हा केरू तिच्या मानेला मिठी मारून खोकत होता.

दुसरा हात रिकामा होता.

होडी आली. कोळ्यांनी दोघांना वर ओढलं. मग त्यांनी बुड्या मारल्या, पुन्हा पुन्हा मारल्या. हिरूही पाण्यात उतरली. सारजा होडीच्या काठावरून एकच नाव घेत राहिली, आवाज फुटेनासा झाला तोवर.

दिवस मावळायच्या आत बेटावरची होडी परत आली. अनसूयेला किनाऱ्यावर गर्दी दिसली. तिला वाटलं, मासळीचा बाजार भरलाय. तिनं हात वर करून हलवला. कुणीही परत हात हलवला नाही.

शेवंती दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला सापडली.

त्यानंतरचे दोन दिवस घरात चूल पेटली नाही. तुळाजी भिंतीकडे तोंड करून बसला. केरू आईच्या कुशीतून हलेना. सारजा मागच्या अंगणात उन्हात बसून होती. हिरू तिच्यापुढं पेज ठेवायची आणि तशीच उचलून न्यायची. एकदाच ती सारजाशेजारी टेकली आणि म्हणाली, "इथं पाणी आधी मागून भरतं, बाय. तेवढंच सांगायचं ऱ्हायलं व्हतं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिलाही रडू आवरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अनसूया बाहेर आली. सारजानं मान वर केली नाही. शिव्या मिळतील, लाथ बसेल, असं तिला वाटलं. किंबहुना तसं झालं तर बरं, असंच वाटलं.

अनसूया उभ्याउभ्याच म्हणाली, "काकू, पोराला विंचू चावल्याचं तुम्ही मला न लपवता सांगितलंत. मग हे पाणी कळत नाही, एवढं का नाही सांगितलंत?"

सारजानं मान वर केली.

"तेव्हा तू मला निवडलं नव्हतंस," ती म्हणाली. "इथं मी तुझ्या भरवशाची होते. तो भरवसा कमी होईल म्हणून भ्याले. पाण्याला भ्याले त्याहून जास्त त्याला भ्याले गं."

"जिथं भ्यायला हवं होतं, तिथं मी भ्याले नाही," अनसूया म्हणाली. "हिरूबाई माझ्यासमोर विचारत होत्या. तुमचा चेहरा उतरलेला मला दिसला होता. पण मला देवीला जायचं होतं. तुम्ही ठाऊक आहे म्हणालात, आणि मी सुटले. पुढं एक शब्द विचारला नाही." मग तिनं विचारलं, "शेवंती काही बोलली होती का?"

सारजा खोटं बोलू शकली असती. आता ते कुणाला कळणारही नव्हतं.

"बोलली," ती म्हणाली. "दोनदा म्हणाली पाणी आलंय. पहिल्यांदा मी ऐकलं नाही."

अनसूयेनं डोळे मिटले. मग ती वळली आणि घरात गेली. त्यानंतर ती सारजाशी कधीच बोलली नाही. तिनं तिला दोष दिला नाही, गावाला काही सांगितलं नाही, आणि तिला क्षमाही केली नाही. परतीच्या पाच दिवसांत गाडीत तिघं बसायची आणि सारजा मागून चालायची. तिला कुणी चाल म्हटलं नव्हतं.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून सारजाच्या अंगणात एकही पोर आलं नाही. आली असती तरी तिनं घेतली नसती. ती एकटीच उंबऱ्यात बसायची. समोरून पोरं खेळत गेली की उठून आत जायची.

अशी पाच-सहा वर्षं गेली. एका सकाळी राही नावाची एक तरुण सासुरवाशीण धापा टाकत तिच्या दारात आली. तिच्या काखेत वर्षाची पोर होती. सासूला झटका आला होता, नवरा परगावी होता, वैद्याकडे धावत जायचं होतं.

"आजी, घटकाभर हिला धरता का? दुसरं कुणी घरी नाही हो."

सारजाचे हात आपोआप पुढं झाले. मग तिनं ते आवरून घेतले.

"आधी ऐक," ती म्हणाली. "मला आता लांबचं दिसत नाही. पोर पळाली तर मला धावता येणार नाही. ताप चढला तर कपाळावर हात लावून कळेल, पण घशात काही अडकलं तर काय करायचं, ते मला येत नाही. आणि माझ्या हातून एक लेकरू गेलंय, ते तुला ठाऊक असायला हवं. एवढं ऐकूनही द्यायची असेल तर दे."

राही गोंधळली. क्षणभर तिनं पोरीला घट्ट धरलं. मग तिनं अंगणात नजर फिरवली. विहिरीवरची फळी सारून बघितली, दगड आहे ना ते बघितलं. कोनाड्यातली सुपारीची वाटी उचलून उंच फळीवर ठेवली. तेवढ्यात घरी परतलेल्या शेजारच्या विणकरणीला हाक मारून म्हणाली, "मावशी, मी येईपर्यंत इथं आजीजवळ येऊन बसता का?" विणकरीण आपली सूत कातायची टकळी घेऊन आली. तेव्हा कुठं राहीनं पोर सारजाच्या मांडीवर ठेवली आणि ती धावत सुटली.

त्याच वेळी गल्लीतून अनसूया पाणी घेऊन चालली होती. सारजाचं बोलणं तिनं शब्द न् शब्द ऐकलं. ती थांबली नाही, वळून बघितलं नाही. फक्त तिची पावलं जरा मंद झाली, आणि घरी जाऊन तिनं घागर खाली ठेवली ती बराच वेळ तशीच राहिली.

दुपारच्या आत राही परत आली. पोर सारजाच्या मांडीवर झोपली होती. सारजा तिच्याकडे एकटक बघत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

बोध असा: लेकरू त्याच्याच हाती सोपवावं, ज्याला "हे मला ठाऊक नाही" असं सांगता येतं, आणि आईबापांनी ते सांगायला त्याला जागा द्यावी.